आधी वार धरा: कामाच्या धबडग्यात देवाला आणि विश्रांतीला जागा कशी करायची

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात देव्हारा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आहे आणि माझं कामाचं टेबल त्याच्यापासून दहा पावलांवर. मी व्यापाऱ्यांचे हिशेब बघते. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीचं विक्रीचं विवरण, २० तारखेला कर भरून दुसरं, मधल्या दिवसांत पगारपत्रकं आणि बँकेची कागदपत्रं. आमचे हे शिरोलीला फाउंड्रीत, त्यांची पाळी दर आठवड्याला बदलते. दोन मुलं शाळेत. सासूबाई पंचाहत्तरीच्या, पण तोंडानं आणि पायानं खणखणीत.

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. १९ तारीख होती. संध्याकाळी फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरून मी समई लावली, एका गिऱ्हाइकाला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) समजावत समजावत हात जोडले आणि परत टेबलावर बसले. सकाळी बघते तर समई कोरडी. तेल घालायचंच राहिलं होतं, वात नुसती जळून काळी पडली होती. सासूबाईंनी ती चिमटीत धरून मला दाखवली आणि एवढंच म्हणाल्या, "तुझी बी अशीच व्हायला लागलीया."

तेव्हापासून जे करून बघितलं, जे फसलं आणि जे टिकलं ते इथं क्रमानं लिहिते. मी काही अध्यात्मातली अधिकारी बाई नाही. हिशेब मांडायची सवय आहे, त्यामुळं वेळेचाही हिशेब मांडला.

आठ दिवसांची रोजकीर्द

पहिल्या दिवशीच नवा नेम धरू नका. आधी आठ दिवस फक्त लिहा. साधी खिशातली वही घ्या, मोबाइलवर लिहू नका, कारण मोबाइल उघडला की काय लिहायला उघडला तेच विसरतं. दर दोन-तीन तासांनी एक ओळ पुरे: काम, घर किंवा उरलेलं. या आठ दिवसांत स्वतःला सुधारायला जाऊ नका, नाहीतर आकडे खोटे येतात. ऑडिटर यायच्या आदल्या दिवशी दुकान झाडून ठेवल्यासारखं होतं ते.

माझ्या वहीत आठ दिवसांच्या शेवटी 'उरलेलं' या खान्यात साडेनऊ तास निघाले. मला वाटत होतं शून्य निघेल. त्यातले जवळजवळ सात तास रात्री सव्वादहा ते साडेअकराच्या दरम्यान फोनवर गेलेले. त्यांना विश्रांती म्हणायला माझी ना नव्हती, पण त्यानंतर डोळे चुरचुरत उठायचं आणि काय बघितलं ते आठवायचं नाही. उरलेल्या अडीच तासांतले दोन तास राजारामपुरीत मुलीच्या क्लासबाहेर गाडीवर बसून गेलेले, आठवड्यात तीनदा चाळीस चाळीस मिनिटं.

तुमच्याही वहीत अशी दोन भोकं सापडतील: एक रात्रीचं आणि एक वाट बघण्याचं. नवीन वेळ पैदा करायची गरज सहसा पडत नाही. फक्त या भोकांतून काय गळतंय ते आधी दिसायला हवं.

वार ठरवा

'सवड मिळाली की देवाला जाऊ' यातली सवड कधी मिळत नाही. आपल्याकडं जुन्या माणसांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे वार. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, रविवार जोतिबाचा. वार ठरलेला असला की दर आठवड्याला 'जाऊ का नको' हा विचारच करावा लागत नाही, आणि दमलेल्या माणसाची निम्मी ताकद त्या विचारातच जाते.

आज आपण जी रविवारची सुट्टी घेतो तिचाही धागा वाराशीच जोडलेला आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं चळवळ केली, आणि १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवारच का, याला लोखंड्यांचं एक उत्तर होतं की तो खंडोबाचा वार आहे. सात दिवस राबणाऱ्या माणसाला एक दिवस देवासाठी, समाजासाठी आणि अंगासाठी हवा, हे तेव्हा मागून घ्यावं लागलं. मला हे वाचल्यापासून रविवारी लॅपटॉप उघडताना थोडी लाज वाटते.

आता प्रत्यक्षात वार कसा निवडायचा. घरात कुणी आधीपासून एखादा वार पाळत असेल तर तोच घ्या, नवा शोधू नका. दुसरं, पाळीचं काम असेल तर अख्खा दिवस धरायचा हट्ट सोडा. आमच्यात मुलांना सुट्टी रविवारी, यांची साप्ताहिक सुट्टी सोमवारी, आणि माझी सुट्टी गिऱ्हाइकांच्या मर्जीवर. सुरुवातीला मी पूर्ण रविवार मोकळा ठेवायचा असं जाहीर केलं. दोन रविवार निभलं, तिसऱ्याला कोसळलं. मग रविवारी दुपारी चारपासून झोपेपर्यंत एवढाच वार धरला. पहिली पाळी असली तर हे साडेतीनला घरी पोचतात, दुसरी असली तर आम्ही चौघंच. सहा तासांचा वार. तो टिकला.

तिसरं, कामाच्या तारखांवरून उलटं मोजा. ज्या आठवड्यात मोठी मुदत असते त्या आठवड्यात वार दोन तासांचा केला तरी चालेल, पण शून्य करू नका. शून्य एकदा झालं की पुढच्या आठवड्यालाही होतं.

वार फक्त हिंदू घरांतच असतो असंही नाही. माझी एक मैत्रीण शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी दुकान पोराच्या ताब्यात देते, आणि त्या तासाभरात तिला फोन करायचा नाही हे आम्हाला सगळ्यांना पाठ आहे. वर्षानुवर्षं तो तास पाळल्यामुळं तिला कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. तिच्याकडं बघूनच मी गिऱ्हाइकांना सांगायला शिकले. आधी मी कारणं द्यायचे: पाहुणे आलेत, तब्येत बरी नाही. कारण दिलं की समोरचा तोडगा देतो. 'पाहुणे गेल्यावर बघा की.' मग मी व्हॉट्सअ‍ॅपवर सरळ लिहून टाकलं:

"आज जोतिबाचा वार. चारनंतर फोन बंद असतो. उद्या सकाळी साडेनऊला मीच फोन करते."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. नुसतं 'बंद आहे' म्हटलं की माणूस घाबरतो, 'उद्या मीच करते' म्हटलं की निवांत होतो. आणि ते साडेनऊ खरंच पाळायचे. पहिल्या रविवारी मला वाटलं निम्मी गिऱ्हाइकं तुटणार. गुळाच्या व्यापाऱ्याचं उत्तर आलं, "चांगभलं!" बाकीच्यांनी अंगठा पाठवला. एकानं मात्र काम काढून घेतलं, हेही सांगायला हवं. तो रात्री साडेअकरालाही फोन करायचा.

वार लागायच्या आधीचा अर्धा तास

हे छोटं आहे, पण याच्याशिवाय वार नुसता नावाला राहतो. साडेतीन ते चार या वेळात मी एका चिठ्ठीवर सोमवारचं पहिलं काम लिहिते. एकच. 'अमक्याची खरेदीची बिलं जुळवणे.' चिठ्ठी लॅपटॉपच्या झाकणाखाली ठेवते आणि झाकण बंद. कागदावर उतरलं की ते डोक्यात घिरट्या घालत नाही. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. सासूबाईंचा साधा फोन चालू असतो, तो नंबर शाळेला आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांना दिलेला आहे. तातडीचं असेल तर तिथं येतंच. तीन वर्षांत तिथं तातडीचे फोन आले दोन.

नेम लहान, इतका की लाज वाटावी

आठवड्याचा वार वेगळा, रोजचा नेम वेगळा. रोजच्या नेमात लोक जास्त फसतात, कारण उत्साहात मोठा संकल्प सोडतात. रोज पोथीचा एक अध्याय, सकाळी पाचला उठून पूजा, एकशे आठ प्रदक्षिणा. चौथ्या दिवशी मुलाला ताप येतो आणि संपलं.

हिशेब करून बघा. जपमाळेत १०८ मणी. छोटं नाम असेल तर एका मण्याला दोन सेकंद, म्हणजे माळ पुरी व्हायला चार मिनिटंही लागत नाहीत. पसायदान नऊ ओव्यांचं, सावकाश म्हटलं तरी दोन-तीन मिनिटं. मनाचे श्लोक २०५ आहेत. रोज एक म्हटला तर सात महिन्यांत पुरे होतात, आणि एक श्लोक म्हणायला अर्धं मिनिट. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांवर आहेत. रोज दहा वाचल्या तर अडीच वर्षांत पारायण होतं. अडीच वर्षं तशीही जाणारच आहेत.

नेम कशाला बांधायचा तेही बघा. 'सकाळी सातला' असं घड्याळाला बांधलेला नेम पाळी बदलली की तुटतो. रोज होणाऱ्याच एखाद्या कामाला बांधा. माझा दिवेलागणीला बांधलेला आहे. समई लावायची (तेल बघून), आणि वात स्थिर होईपर्यंत उभं राहायचं. पेटवल्यावर ती आधी फरफरते, मग तेल वर चढतं आणि ज्योत सरळ होते. एखादं मिनिट जातं त्यात. तेवढ्या वेळात एक श्लोक. हात मोकळे, फोन नाही. बस्स, एवढाच माझा रोजचा नेम. वाढवायचा मोह होतो, मी वाढवत नाही. एखाद्या दिवशी जास्त बसावंसं वाटलं तर बसते, पण त्याला नेमात धरत नाही.

यांचा नेम वेगळा आहे. पहिल्या पाळीला पहाटे निघताना गाडी चालू करायच्या आधी ते देवीच्या देवळाच्या दिशेला तोंड करून एकदा नमस्कार करतात. दहा सेकंद. मी आधी हसायचे. पण गेल्या तीन वर्षांत तो एकदाही चुकलेला नाही, माझे मात्र चुकलेत.

ज्यांचा देवावर विश्वास नाही त्यांनी या जागी दुसरं काही ठेवावं, झाडांना पाणी घालणं किंवा गच्चीत गप्प उभं राहणं. घडी तीच ठेवावी.

देवळात जाणं आणि टेकणं

कोल्हापुरात अंबाबाईचं देऊळ गावाच्या पोटात आहे, त्यामुळं गावकऱ्यांची एक अडचण होते. देऊळ जवळ आहे म्हणून आपण जात नाही, आणि जेव्हा जावंसं वाटतं तेव्हा तिथं अख्खा महाराष्ट्र आलेला असतो. शनिवार-रविवार, सुट्ट्या, शुक्रवार संध्याकाळ आणि नवरात्र या वेळी रांगेत उभं राहून तास-दोन तास घालवायचे आणि चिडून घरी यायचं, यात श्रद्धाही नाही आणि विश्रांतीही नाही. गावात राहणाऱ्यांनी आडवार धरावा. मंगळवार-शुक्रवार सोडून एखादी दुपार. गर्भागाराच्या रांगेत उभं राहायला वेळ नसेल तर मुखदर्शन घ्या, लांबून दिसते पण दिसते. सासूबाई म्हणतात, आपल्याला ती लांबून दिसती तर तिला आपण दिसत न्हाई व्हय?

रात्रीचं देऊळ बघितलं नसेल तर एकदा बघा. दहाच्या सुमाराला शेजारती होते, म्हणजे देवीची झोपायची वेळ. शुक्रवारी त्याआधी पालखी निघते. दिवसभर लाखांचं गाऱ्हाणं ऐकणारी देवीसुद्धा रात्री दार लावून घेते आणि तिला 'अजून एक मिनिट' म्हणत कुणी फोन करत नाही.

किरणोत्सवाची तारीख तर आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेवावी. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, आणि ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीचं ऊन महाद्वारातून सरळ आत येतं आणि पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर पोचावं अशी देवळाची रचना आहे. ढग आले किंवा वाटेत एखादी इमारत आडवी आली की तेही हुकतं. किरणं थांबतात काही मिनिटंच. मी एकदा दुसऱ्या दिवशी गेले होते. गर्दीत शेजारच्या बाईनं माझा हात घट्ट धरला होता, ओळखपाळख काही नाही. ऊन छातीपर्यंत चढलं आणि मग कुणीतरी चिमणीची वात खाली करावी तसं गेलं. तिनं हात सोडला आणि म्हणाली, "झालं हो."

पण मला सांगायचंय ते दर्शनानंतरचं. दर्शन झालं की पायरीवर टेकायचं, ही आपली जुनी चाल. आजी हात धरून बसवायची: 'देवाच्या दारात टेकल्याशिवाय जाऊ नये.' तेव्हा वाटायचं काहीतरी शास्त्र असेल. आता कळतंय की देवळाला जाण्यातली विश्रांती तिथंच आहे. आपण काय करतो? चप्पल शोधायला धावतो, महाद्वार रोडवर गाडी कुठं लावली ते आठवतो, वाटेत भाजी घेऊन टाकतो. देवळाला जाणं हेही उरकायच्या कामांच्या यादीत जाऊन बसतं.

म्हणून देवळाची वेळ ठरवताना दर्शनाला जेवढा वेळ धरला असेल तेवढाच टेकायला धरा. मोठ्या देवळात बसू देत नसतील, गर्दी असेल, तर लहान देऊळ निवडा. महाद्वार रोडजवळचं बिनखांबी गणेश मंदिर मला त्यासाठी आवडतं. नावाप्रमाणं आत एकही खांब नाही, आवार आटोपशीर. पंचगंगेच्या घाटावर संध्याकाळी पायऱ्यांवर कुणी काही विचारत नाही. टेंबलाईच्या टेकडीवर वारा असतो. टेकल्यावर काही करायचं नाही, माळसुद्धा ओढायची नाही. पाय थंड दगडाला लागू द्यायचे. दहा मिनिटांनी उठावंसं वाटतं, तेव्हा अजून पाच मिनिटं बसायचं.

राजारामपुरीतल्या क्लासबाहेरच्या चाळीस मिनिटांचं काय झालं तेही सांगते. गल्लीच्या टोकाला मारुतीचं एक लहान देऊळ आहे. आता मी गाडीवर बसत नाही, तिथल्या कट्ट्यावर बसते. आठवड्यात दोन तास आयतेच मिळाले.

उपास कुणाचा, राबणार कोण

आता जरा अवघड भाग. बऱ्याच घरांत धार्मिक दिवस म्हणजे पुरुषांना आणि मुलांना सुट्टी आणि घरातल्या बाईला दोन पाळ्या. एकादशी आली की उपासवाल्यांची साबुदाण्याची खिचडी, बिनउपासवाल्यांची भाकरी-भाजी, मुलांना त्यातलं काहीच नको म्हणून पोहे, वर फराळाची भांडी. रात्री अंग टाकताना बाईच्या मनात देवाचं नाव नसतं, ओट्यावर राहिलेलं पातेलं असतं. अशा घरात विश्रांतीचं आणि श्रद्धेचं कितीही छान वेळापत्रक केलं तरी ते एकाच माणसाच्या पाठीवर उभं राहतं.

आमच्यात हे सासूबाईंनीच मोडलं. आषाढी एकादशीच्या दिवशी मी सकाळी सहापासून शेगडीपाशी होते. दहाच्या सुमाराला त्या येऊन बसल्या आणि बघत राहिल्या.

"काय करतीस?"

"आत्या, तुमची वरी झाली, आता यांच्या डब्याची भाजी टाकते."

"उपास कुणाचा हाय?"

"तुमचा. आणि माझा."

"मग ह्यो कशाला राबून घ्यायलाय? आज सगळ्यांनी वरीच खायची. न्हाई खायची त्यानं केळं खाऊन जावं. पांडुरंगानं काय दोन भाज्या सांगितल्यात व्हय?"

त्या दिवशी हे डब्यात वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी घेऊन फाउंड्रीत गेले. डबा रिकामा आला. त्यानंतर आमच्याकडं उपासाच्या दिवशी एकच चूल, एकच पदार्थ. ठरवून टाकलेल्या आणखी दोन-तीन गोष्टी अशा: वाराच्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाक नाही. दुपारचंच उरवायचं, आणि ते गरम करायचं काम मुलगा करतो. नैवेद्याला पुरणाचा हट्ट फक्त वर्षातल्या ठरलेल्या सणांना, एरवी दूध-साखर. पूजेची भांडी घासायची पाळी लावलेली आहे, कॅलेंडरवर नावानिशी, आणि त्यात यांचं नाव आहे. पितांबरी लावून तांब्या चकचकीत करण्यात त्यांना इतका रस निघाला की आता दुसऱ्याला हात लावू देत नाहीत.

आमच्यात रविवारी मटण नसतं, सासूबाई जोतिबाचा वार पाळतात म्हणून. कोल्हापुरात राहून रविवारी तांबडा-पांढरा नाही, हे ऐकलं की मुलांचे मित्र त्यांच्याकडं कीव करून बघतात. आमचा तांबडा-पांढरा बुधवारी होतो. पण याचा एक फायदा लक्षात आला. रविवारची सगळी दुपार मसाला वाटण्यात आणि रस्सा उकळण्यात जात नाही. ज्यांच्यात रविवारीच मटण लागतं त्यांना माझं सांगणं एवढंच की मटण शिजवायला ज्यांना ते खायचंय त्यांनी उभं राहावं. तालमीतल्या पोरांना येतं, घरातल्यांना का येऊ नये?

घरात हे बोलायचं कसं, असं बायका विचारतात. भांडणाच्या वेळी बोलू नका. सणाच्या आठवडाभर आधी, जेवण झाल्यावर, कागद घेऊन बसा आणि त्या दिवशीची कामं नुसती लिहून काढा, कुणाचं नाव न घालता. आमची यादी सव्वीस कामांची झाली. ती मोठ्यानं वाचली की वादाचं फारसं उरत नाही.

जिथं जू घासतं तिथं तेल

विश्रांती म्हणजे झोप, हे अर्धंच खरं. झोप तर हवीच. मोठ्या माणसाला रात्रीची सात तास तरी, आणि रात्रपाळी करून आलेल्याला दिवसा तेवढीच, खिडकीला जाड पडदा लावून आणि घरातल्यांनी मिक्सर न लावता. ती भरून निघत नसेल तर बाकीचं सगळं नंतर. रात्रीच्या सव्वादहा ते साडेअकरापैकी तासभर मी झोपेला दिला, आणि पहिल्या पंधरा दिवसांत सगळ्यात जास्त फरक त्यानंच पडला. सात-आठ तास झोपूनही दमल्यासारखं, उदास वाटत राहिलं तर डॉक्टरांकडं जा. ते वारानं आणि नेमानं बरं होणारं दुखणं नसतं.

झोपेपलीकडं काय, हे मला बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी समजलं. माझं माहेर राधानगरीकडचं. बेंदराला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. पण त्याच्या आदल्या दिवशीची खांदमळणी मला जास्त आठवते. वडील बैलाला गरम पाण्यानं धुवायचे, मग हळद आणि तेल घेऊन खांदा मळायचे. सगळं अंग नाही, खांदाच. वर्षभर जू तिथं घासलेलं असतं, कातडं जाड आणि काळं झालेलं असतं, केस गेलेले असतात. वडील बोटांनी तिथलं तेल मुरवत राहायचे आणि बैल मान खाली घालून डोळे मिटायचा.

आपलं जू कुठं घासतं ते शोधा, आणि विश्रांती तिथं द्या. माझे डोळे आणि मान जातात, म्हणून मला टीव्ही बघून विश्रांती मिळत नाही. डोळे मिटून रेडिओ ऐकला तर मिळते. हे दिवसभर भट्टीच्या धगीत आणि आवाजात उभे असतात, त्यांना रंकाळ्याच्या कट्ट्यावर गार वाऱ्यात गप्प बसायला हवं असतं, आणि मी तिथं हौसेनं गप्पा मारायला लागले की त्यांचा चेहरा पडतो. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या दुकानदाराला मौन हवं, दिवसभर एकटं बसून काम करणाऱ्याला गंगावेशीत दूध कट्ट्यावर चार माणसांत उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला हवं. शिक्षिकेचा घसा जातो, शिंप्याची कंबर. एकाची विश्रांती दुसऱ्याला शिक्षा असू शकते, म्हणून घरातल्या सगळ्यांना एकाच सहलीत कोंबू नका.

रंकाळ्यावर चालायला जाता आणि हातातल्या घड्याळावर पावलं मोजता, ते व्यायामाच्या खात्यात टाका. विश्रांतीच्या खात्यात दाखवू नका, ती खोटी जमा आहे.

दुपारची वामकुक्षी जमत असेल तर वीस मिनिटं, गजर लावून, डाव्या कुशीवर. तासभर झोपलात तर संध्याकाळ चिडचिडीत जाते.

वर्षात एकदा पायांनी

वार आणि नेम यांच्यावर वर्षातून एकदा काहीतरी लांबचं ठेवा. काहीजण आषाढीला पंढरपूर जमत नाही म्हणून दिंडीबरोबर कोल्हापूरजवळच्या नंदवाळच्या विठ्ठलाला चालत जातात. आमचं जोतिबाच्या खेट्यांचं असतं. माघात सुरू होणारे पाच रविवार लोक कोल्हापुरातून वाडी रत्नागिरीला, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर, चालत जातात. शिवाजी पूल ओलांडायचा, वडणगे, निगवे, कुशिरे करत गायमुखाला पोचायचं आणि तिथून चढ. डोंगर शहरापासून १७-१८ किलोमीटरवर. मागची कथा अशी सांगतात की राक्षसांचा बंदोबस्त झाल्यावर जोतिबा हिमालयाकडं परत निघाला होता. तेव्हा अंबाबाई अनवाणी चालत त्याला आडवी गेली आणि थांबवून घेतलं. त्या चालण्याचे हे खेटे.

पाचही खेटे करणाऱ्यांना माझा नमस्कार. नोकरदार माणसानं एक करावा. तयारी म्हणाल तर महिनाभर आधी रविवारी चार-पाच किलोमीटर चालायचं. निघायचं पहाटे, ऊन चढायच्या आत डोंगर गाठायचा. अनवाणी चालायची सवय नसेल तर पहिल्या वर्षी चप्पल घाला, देव रागवत नाही आणि सोमवारी कामावर लंगडत जावं लागत नाही. पाण्याची बाटली, गूळ-शेंगदाणे, एक पंचा. येताना एसटी. कपड्यांवरचा गुलाल पहिल्या धुण्यात जात नाही, तेव्हा जुने कपडे.

मोडलं तर

मोडणारच. जीएसटीच्या विवरणाची मुदत चुकली तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागतं आणि थकलेल्या करावर व्याज वेगळं. माझ्यासारख्या माणसाला वाटतं देवाकडंही तसंच असणार. आज माळ राहिली, उद्या दोन ओढू. परवा तीन. थकबाकी वाढत जाते आणि शेवटी माणूस खातंच बंद करतो. म्हणून आमच्या घरात नियम आहे: राहिलं ते राहिलं, मागची बाकी पुढं ओढायची नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्यासारखा एकच श्लोक.

गेल्या वर्षी २० तारीख रविवारी आली. दुपारी पोर्टल अडकलं, चारचे सात झाले, सातचे नऊ. फोन वाजत होता, मी उचलत होते. समई सासूबाईंनी लावली. साडेनऊला शेवटचं विवरण गेलं आणि मी तशीच खुर्चीत बसून राहिले. खरं म्हणजे रडायला आलं होतं, कामामुळं नाही, वार गेला म्हणून. सासूबाई गरम दूध घेऊन आल्या.

"आत्या, आज जोतिबाचा वार बुडाला."

"मग उद्या जा की ह्याच्याबरोबर. त्याला सुट्टीच हाय." पेला टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "जोतिबा एकदाच निघाला हुता. अंबाबाईनं आणला परत. आता सोमवारी कुठं जातोय?"

सोमवारी दुपारी आम्ही दोघं गाडीवरून डोंगरावर गेलो. चिठ्ठीवरचं पहिलं काम मी मंगळवारवर ढकललं होतं. देवळात गर्दी नव्हती, फरशीवरचा गुलाल कालचाच होता. यांनी पायरीवर पाय सोडले आणि दहा मिनिटांत भिंतीला टेकून झोपले. मी त्यांना उठवलं नाही.